सैफुद्दीनभाईंचा शुक्रिया

मंगरूळपीरला दर्ग्याच्या रस्त्यावर सैफुद्दीनभाईंचं औषधांचं दुकान आहे आणि त्याला लागून माझं घड्याळांचं. शुक्रिया म्हटल्याशिवाय या माणसाला चैन पडत नसे. बस थांबवली म्हणून कंडक्टरला शुक्रिया, सुटे दिले म्हणून गिऱ्हाइकाला शुक्रिया. माझा स्वभाव खवचट. मी म्हणायचो, भाई, डास चावून उडाला तरी तुम्ही त्याचे आभार मानाल. ते हसायचे आणि चहा मागवायचे.

त्यांचं बिलं करायचं सॉफ्टवेअर पूर्वी दुकानातल्याच कॉम्प्युटरमध्ये होतं. बिघडलं की मुन्ना यायचा, दुरुस्त करायचा, चहा पिऊन जायचा. मग कंपनीनं सगळं इंटरनेटवर नेलं. आता तक्रार स्क्रीनवर लिहायची, तिला नंबर मिळतो, पुण्यात बसलेलं कोणीतरी ती सोडवतं आणि बंद करतं. आता चहा कोणाला पाजायचा, हीच भाईंची मोठी अडचण झाली.

एकदा बिल छापलं जाईना. पलीकडून उत्तर आलं, "थांबा चाचा, पाहून राह्यली." भाईंनी मला हाक मारून ते वाक्य दाखवलं. पोरगी आपल्याकडचीच निघाली. शिरपूर जैनच्या गुलाबराव भाजीवाल्यांची तनुजा. नोकरी अजून कच्ची होती, दिवाळीला पक्की होईल अशी आशा होती, आणि पक्की झाली की धाकट्या बहिणीला ती शिकायला पुण्याला नेणार होती. भाईंची स्वतःची मंतशा लग्न होऊन सुरतेला गेलेली. ते दर्ग्यात तनुजासाठीही दुआ मागू लागले.

तिनं तक्रार सोडवून बंद केली की भाई न चुकता लिहीत, "शुक्रिया बेटी. जेवली का? अल्लाह तुयी नोकरी पक्की करो." एकदा तिनं कळवलं की उत्तर नाही पाठवलं तरी चालतं. भाईंना तो तिचा संकोच वाटला. पुढचा शुक्रिया त्यांनी आणखी लांबलचक लिहिला.

दिवाळीनंतर एका बाजाराच्या दिवशी तनुजाच दुकानात आली. बहिणीला भाजीपाशी बसवून आली होती. भाईंचा आनंद मावेना. खुर्ची पुसून दिली, मला बोलावलं, चहा सांगितला. सुट्टीवर आली असेल, असंच आम्ही धरून चाललो. तेवढ्यात सकाळची तक्रार सुटल्याचा निरोप स्क्रीनवर आला. खाली नाव दुसऱ्याच कोणाचं होतं. भाईंनी सवयीनं शुक्रिया टाइप केला. तनुजानं त्यांचा हात धरला.

"चाचा, हे नका पाठवू."

"काहून?"

"उत्तर गेलं का तक्रार पुन्हा उघडते. काम झालंच नाही, असं धरतात."

भाईंनी टाइप केलेलं पुसलं. नोकरीचं काय झालं, असं त्यांनी फार हळू विचारलं. ती खाली बघत बोलली. तिच्या नावावर पुन्हा उघडलेल्या तक्रारी फार निघाल्या, म्हणून तिला पक्कं केलं नव्हतं. तिनं साहेबांना भाईंचे निरोप वाचूनही दाखवले. आम्ही आकडा बघतो, मजकूर नाही, असं ते म्हणाले. माझं डोकं भडकलं, त्या साहेबाला फोनवर चार शिव्या हासडाव्यात असं वाटलं.

"मले सांगतलं काहून नाही, बेटी?"

"सांगतलं होतं एकडाव. मंग तुमी एवढं मोठं लिहून पाठोलं. पुन्हा सांगाचं जिवावर आलं. तिथं मले जेवली का म्हणून दुसरं कोणी इचारत नव्हतं."

भाई रडले. भर दुपारी, दुकानात, गिऱ्हाइकांसमोर. तनुजानं चहा संपवला, त्यांना वाकून नमस्कार केला आणि ती बहिणीजवळ भाजी विकायला जाऊन बसली.

परवा मी भाईंच्या घड्याळात नवा सेल घालून दिला. त्यांनी ते हातात घेतलं, तोंड उघडलं, आणि काहीच न बोलता आपल्या दुकानात निघून गेले. खवचटपणा करायला मला काही सुचलं नाही.