एसी बंद करून लावलेला कौल

आमच्या बाळकुमच्या गावदेवीला कौल लावतात. फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवायच्या, देवीच्या दोन्ही खांद्यांना चिकटवायच्या आणि विचारायचं. देवीची उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, माझं सगळं असंच ठरलं. खाडीकडची जमीन बिल्डरला दिली ती पण उजवी पडली म्हणून.

बायकोच्या छातीत गाठ निघाली तेव्हा डॉक्टर बोलला, ऑपरेशन केलं तर फिफ्टी-फिफ्टी. मी देवळात गेलेलो. तीनदा कौल लावला, तीनदा उजवी. बायको हसून बोलली, "आई तीनदा हो बोलली. आता तरी तोंड पाडून बसू नका."

ऑपरेशन झालं. ती घरी आली चादरीत गुंडाळून.

माझी पोरगी घोडबंदर रोडला ऑफिसात काम करते. कशात किती धोका, ते आकडे मांडून काढायचं, हाच तिचा धंदा. आईचं सगळं आटपल्यावर ती बोलली, "बाबा, नाणं तीनदा उडवलं तर आठात एकदा तिन्ही वेळा छापा येतोच. त्यात देव कुठून आला?"

तेव्हा राग आला. मग विचार केला. देवी असेल तर तिने मला फसवलं. नसेल तर कोणीच फसवलं नाही, पाकळ्या पडल्या आणि संपलं. मी हे दुसरं धरलं. देवळाची पायरी सोडली. तेव्हा कुठे घास घशाखाली उतरायला लागला.

गेल्या महिन्यात पोरगी आली. चहा तसाच ठेवला. "बाबा, मला पण," बोलली आणि हात छातीवर नेला. आईचीच बाजू. एक डॉक्टर सांगतो लगेच कापा, तारीख पण देऊन बसलाय; दुसरा सांगतो आधी औषध देऊन बघू.

मी विचारलं, "तुझं गणित काय बोलतं?"

"गणित शंभर बायकांचं सांगतं. मी एकटी आहे." मग खाली बघून बोलली, "कौल लावा."

मला ते आवडलं नाही. ही पोरगी कौल मागते म्हणजे काहीतरी फार वाईट आहे.

देऊळ आता संगमरवरी आहे. जमीन घेतली तेव्हाच बिल्डरने बांधून दिलं, गाभाऱ्यात एसी बसवला. पुजारी माझ्याच वयाचा. पोरीने देवीच्या आधी एसीकडे बघितलं. हात ओला करून देवीच्या उजव्या खांद्याजवळ धरला. वारा तिथेच येत होता.

"आईच्या वेळी हा चालू होता?"

"बारा महिने चालू असतो," पुजारी बोलला.

"मग उजवीच आधी सुकणार. उजवीच पडणार."

माझी मान वर होईना.

"काका, बंद करा तो."

"देवीची परीक्षा घेतेस काय गं?"

"देवीची नाही, एसीची."

एसी बंद झाला. पाकळ्या लावल्या. तिने स्वतःच विचारलं, "लगेच ऑपरेशन करू का?" गाभारा तापायला लागला. उदबत्तीचा धूर सरळ वर चाललेला. किती वेळ काहीच हललं नाही.

डावी पडली.

पुजाऱ्याने आमच्याकडे न बघता ती उचलली.

"एकदा पडल्याने काही ठरत नाही," पोरगी बोलली.

"मग अजून दोनदा लावू."

"नको."

"अगं, तूच तर बोललीस..."

"नको म्हटलं ना, बाबा."

ऑपरेशन सोमवारी आहे. तारीख तिने बदलली नाही. देवी असेल तर तिने ‘नाही’ सांगितलंय. नसेल तर माझी पोर त्या दारातून एकटीच आत जाणार. दोन्हीतलं कुठलं मागायचं, मला समजत नाही.

काल तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. ठेवताना विचारलं, "काकांनी एसी परत लावला का?"

"लावला," मी बोललो.

"बरं. म्हणजे आता उजवीच पडेल," ती बोलली, आणि फोन तसाच धरून राहिली.