शाळा रिकामी झाली

पाकिस्तानशी लढाई सुरू झाली तेव्हा मी पाचवीत होते. माझा डावा पाय फार लहानपणीच कामातून गेलेला. तापात गेला, एवढंच घरात सांगत. शाळेत जाताना एका हाताला काठी आणि दुसऱ्या हाताला पिंजाऱ्याची पोर, माझी मैत्रीण, असा आमचा लवाजमा निघायचा.

जिल्ह्याहून हुकूम आला की हवाई हल्ला झाला तर पोरांनी काय करायचं याची कवायत प्रत्येक शाळेने बसवावी, साहेब येऊन ती तपासतील. आमचं गाव धामणगाव बढ्यापासून आत, बैलगाडीच्या वाटेवरचं. पारावर एक म्हातारा म्हणाला, "पावसाळ्यात आपल्या गावात यस्टी येत नाही, अन् इमान कायले येते बे?" सगळे हसले. मोठे गुरुजी, म्हणजे आमचे हेडमास्तर, तेवढे हसले नाहीत. लोकांना विमान दिसत नव्हतं आणि गुरुजींना साहेब दिसत होते.

कबड्डीच्या जागेवर खंदक खणला. भादव्याचे दिवस, काळी माती. रात्रीतून खंदक पाण्याने भरायचा आणि सकाळी सातवीची पोरं तो बादल्यांनी उपसायची. लिंबाला रुळाचा तुकडा टांगलेला होता, तीच आमची घंटा. ती धडाधड वाजली की वर्गावर्गाने धावत सुटायचं, खंदकात पालथं पडायचं, कोपरांवर छाती उचलून धरायची, कानात कापूस आणि दातांत रुमाल. कापूस मैत्रिणीच्या बापाने दिला, झकास पिंजलेला. बोळे ठेवायला माझ्या मायने फडक्याची पिशवी शिवली. मला त्या खंदकाचं वेडच लागलं. एरवी मला कुठल्याच खेळात घेत नसत, लंगडीतसुद्धा नाही. आता हसा. पण या खेळात सगळ्यांना घ्यावंच लागणार, अशी माझी खात्री होती.

पहिल्या तालमीत मैत्रिणीने मला पाठुंगळी घेतलं. सगळी शाळा खंदकात जाऊन पडली तरी आम्ही दोघी मैदानाच्या मध्यातच. तिथे चिखलात पाय घसरला आणि आम्ही आपटलो. खंदकातून असं हसू उठलं की खऱ्या विमानालाही ऐकू गेलं असतं. गुरुजी घड्याळाकडे बघत होते. "या एका पोरीपायी शाळेचं नाक कापलं जाणार," ते शेजारच्या मास्तरांना म्हणाले, मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने.

संध्याकाळी ते आमच्या घरी आले. "उद्या साहेब येणार आहेत. पोरीला घरीच ठेवा. चिखल आहे, पडेल-बिडेल."

माय भाकरी थापत होती. ती म्हणाली, "काऊन? बॉम्ब टाकणारा इचारून टाकते काय गुरुजी, का लंगडी आज घरी हाये का म्हणून?"

गुरुजी "तसं नाही हो बाई" असं पुटपुटत निघून गेले. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या दिवशी मी धुतलेला झगा घालून, वेणीला नवी रिबीन बांधून गेले. गुरुजी रागावले नाहीत. उलट हाताला धरून मला शेवटच्या वर्गात नेलं आणि कपाटामागे तरटपट्टीवर बसवलं. "तू इथंच बस. आवाज करायचा नाही. शहाणी आहेस ना?" केसाने गळा कापणं कशाला म्हणतात ते मी पाचवीतच शिकले, फक्त परीक्षेत कोणी विचारलं नाही.

घंटा वाजली. मैत्रीण दारात थांबली. "गुरुजी, मी आणतो न तिले!" मास्तरांनी तिचा दंड धरून तिला बाहेर ओढलं. मग सगळीकडे पायांचा धडधडाट झाला, आणि मग काहीच नाही.

मला रडू आलं नाही. राग आला. तो अजूनही येतो. पण करणार काय? मी तरटपट्टीवर पालथी पडले. कोपरांवर छाती उचलली, कानात बोळे घातले, रुमाल दातांत धरला. शिकवलं होतं तसं सगळं केलं.

कापूस कितीही चांगला पिंजलेला असो, जे ऐकू यायचं ते येतंच. व्हरांड्यात बूट वाजले. दारातून मोठ्या गुरुजींचा खणखणीत आवाज आला, "शाळा रिकामी झाली, साहेब!"

साहेबांनी आत डोकावलं. कपाटाच्या कडेने माझा पाय बाहेर आलेला होता, तोच, डावा. मी मान वळवून बघत होते. त्यांनी आधी पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मग घड्याळाकडे.

"छान," ते म्हणाले. "फारच लवकर झाली."

पुढे तालुक्यात आमची शाळा वाखाणली गेली. त्या दिवशी साहेब जाताच गूळ-शेंगदाणे वाटले. गुरुजींनी मला सगळ्यांपेक्षा मोठी मूठ दिली आणि डोक्यावरून हात फिरवला. मी ते शेंगदाणे तसेच मैत्रिणीच्या ओच्यात टाकले. ती गळ्यापर्यंत चिखलाने माखली होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. सगळी शाळाच तशी माखलेली होती, चिखलाचे ओघळ पुसत, एकमेकांना दाखवत घरी चाललेली.

माय निंदणावरून आली. तिने हातपाय धुतले, मला जवळ ओढलं आणि माझा झगा पुढून-मागून पाहिला. त्यावर चिखलाचा एक डाग नव्हता.

"तू खंदकात गेली नाही?"

"नाही."

"मंग कुठी होती?"

"शाळेत."

"तुह्यासंगं कोण होतं तिथं?"

"कोणीच नाही," मी म्हटलं. "शाळा रिकामी होती."