आयतोबाची पाठ

माझं पहिलं छापून आलेलं चित्र मी पाहिलं, तेव्हा त्याखाली मामांची सही होती. इतकी वर्षं झाली, पण ती सही आठवली की अजून माझं डोकं तापतं.

वडील वेल्ह्याच्या कचेरीत कारकून. झिजून टाकून दिलेल्या टाकाच्या निबा ते घरी आणायचे, आणि मी पायरीवर बसून रद्दी कागदांच्या कोऱ्या बाजूवर माणसं काढायची. पुढच्या शाळेसाठी मला भोरला मामांकडे ठेवलं. भोर तेव्हा संस्थान, आणि मामा तिथल्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. खोटं कशाला बोलू, माझा हात त्यांनीच बसवला. नुसत्या उभ्या रेघा, मग आडव्या, मग तिरप्या. निबेवर दाब दिला की रेघ जाड, सोडला की केसासारखी बारीक. शाईचा डाग पडला की कागद टराटरा फाडायचे आणि ओरडायचे, "पुन्हा!"

पुण्याच्या एका साप्ताहिकात तेव्हा चार चौकटींतली गमतीची चित्रं येऊ लागली होती. मी तशी काढली. मामांनी पाहिली, "बघू पाठवून," म्हणाले, आणि छापून आली ती त्यांच्या सहीनं! मी म्हटलं, "मामा, चित्र माझं आहे." तर म्हणतात कसे, "अगं, मुलीचं नाव असं छापून आलं तर तुला स्थळ कोण आणील? नाव घरातच राहिलं ना?"

घरातच म्हणे! संध्याकाळी ओसरीवर मित्रमंडळी जमली, पेढे वाटले गेले, आणि कल्पना कशी सुचली याचं आख्यान मामा लावून बसले. पेढ्यांचं ताट भरलं होतं मी. माजघराच्या दाराआड उभी राहून ऐकत होते आणि नुसती जळत होते. तिथंच ठरवलं, थांबा मामा, तुमचीच सही तुमच्याच गळ्यात बांधते.

पुरुष ओसरीवर रस्त्याकडे तोंड करून बसायचे, आम्ही बायका आत. त्यामुळं निम्म्या भोरातले पुरुष मला पाठीवरूनच ओळखू यायचे. माणूस आपलं तोंड रोज आरशात बघतो, पाठ मात्र जन्मात बघत नाही. मला एवढं पुरेसं होतं.

नायक ठरवला आयतोबा. दुसऱ्यानं केलेलं आयतं उचलायचं आणि "मी केलं" म्हणून मिरवायचं, हा त्याचा धंदा. तोंड मुद्दाम भलतंच दिलं, गोल आणि झुपकेदार मिशांचं. पाठ मामांची. सोपं वाटलं होतं, पण कसलं काय! रागाच्या भरात काढलं की राक्षस व्हायचा. मी अख्खी आकृती शाईनं भरून काळी करायची आणि मामींना विचारायची, "कोण?" मामी कधी म्हणायच्या अस्वल, कधी म्हणायच्या धान्याचं पोतं.

शेवटी राग गिळला आणि नीट बघायला लागले. मामांचा डावा खांदा वर, उजवा उतरलेला. मानेवर दोन वळ्या. उपरण्याचं मागचं टोक घसरत घसरत पार गुडघ्यापर्यंत आलेलं. हात मागे बांधलेले, आणि एका मुठीत दुसऱ्या हाताचा अंगठा गच्च धरलेला. शोभेची प्रत्येक रेघ काढून टाकली, एवढंच ठेवलं. एका दुपारी मामी तांदूळ निवडत होत्या, त्यांच्यापुढं काळी आकृती धरली. मामी लगबगीनं उठून उभ्या राहिल्या आणि पदर सावरला. मग त्यांच्या लक्षात आलं, की हा नवरा नव्हे, कागद आहे. तोंडात पदर कोंबून इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं.

"पाठव गं मेले," एवढंच म्हणाल्या. नवऱ्यापाशी अवाक्षर काढलं नाही. त्यांचाही राग काही आजचा नसणार.

मी चौकटी पुऱ्या करून मामांच्या हातात दिल्या. ते खो खो हसले. "असली माणसं असतात बरं का जगात!" म्हणाले, आणि खाली झोकात सही ठोकली.

अंक भोरात आला. हिर्डोशीकडून तांदूळ विकायला येणाऱ्या बाईंना अक्षरओळख नव्हती. ओट्यावर पडलेला अंक बघून त्या म्हणाल्या, "अगं बया! ह्ये तर तुमचं मास्तरच की! सोताचं सोंग सोतानंच काडलंय व्हय?" शाळेत पोरं डावा खांदा उचलून, हात मागे बांधून मामांच्या मागून चालायला लागली. मामा वळले की सगळी साळसूद. त्यांना काही उमजेना, आणि माझ्या पोटात आनंद मावेना.

एका संध्याकाळी ओसरीवर एक मित्र म्हणाले, "मास्तर, स्वतःची एवढी थट्टा करायची म्हणजे मन मोठं लागतं हो!"

"माझी थट्टा? कुठं?"

मित्र उठले, अंगठा मुठीत धरला आणि अंगणात चार पावलं चालून दाखवलं. हशा असा फुटला, की शेजारचे बाहेर आले. मामांनी अंक ओढून घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि ओरडलेच, "मी नाही काढलं हे! भाचीनं काढलंय! ते पहिलंसुद्धा तिचंच होतं!"

"मग खाली सही कुणाची?" कुणीतरी विचारलं.

मी आणि मामी दाराआड उभ्या होतो. मामींनी माझा हात घट्ट धरला होता. मामांची मान लालबुंद झाली होती, आणि आखडून वळ्या दोनाच्या तीन झाल्या होत्या. तिसरी माझ्या चित्रात राहूनच गेली होती. पुढच्या अंकात घातली, आणि खाली माझी सही केली.