काटेवाल्यांचा काटा

फुकटचं जेवण काटेवाल्यांना आवडत नसे असं नाही, घशाखाली उतरत नसे इतकंच. उतरणार कसं? चाळीस वर्षं दुकानदारांचे तराजू दुरुस्त करण्यात गेली. कुणाच्या पारड्याखाली मेण चिकटवलेलं, कुणाचं वजन खालून पोखरलेलं, आणि हीच मंडळी गिऱ्हाइकाला म्हणणार, "ताई, दोन दाणे जास्तच घातलेत बरं का!" दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो. काटेवाले पाणीसुद्धा फुंकून प्यायचे.

आणि त्यांच्याच सुनेनं गल्लीत हे खूळ काढलं. महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी सगळ्यांनी आपापलं टेबल रस्त्यावर आणायचं, आपापलं पातेलं आणायचं आणि एकत्र जेवायचं. नियम एकच. जेवताना आजचं रडगाणं गायचं नाही, पुढं ही गल्ली कशी व्हावी तेवढंच बोलायचं. कुणी म्हणे सावलीला झाडं हवीत, कुणी म्हणे म्हाताऱ्यांसाठी बाकं हवीत. नर्सबाई म्हणाल्या, "मुलांना अभ्यासाला एक खोली हवी." आता खोली म्हणताना त्या बघत कुठं होत्या? काटेवाल्यांच्या दुकानाकडे! दार अर्धं उघडं ठेवून, मांडीवर ताट घेऊन, काटेवाल्यांनी ते अचूक टिपलं. कुठंतरी पाणी मुरत होतं. यांनी घास द्यायचे आणि डोळा माझ्या दुकानावर? आयत्या बिळावर नागोबा!

यात एक गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. हिवाळ्यापासून त्यांचा उजवा हात थरथरत होता. इलेक्ट्रॉनिक तराजू आल्यापासून कामं तशीही कमीच, पण आलेलं काम ते दाराला पाठ करून, कोपर टेबलाला टेकवून उरकायचे. हे बाहेर फुटलं की संपलंच. मग सगळे गोड आवाजात म्हणणार, "बाबा, आता आराम करा." आराम हा शब्द त्यांना शिवीसारखा लागायचा. दुकान गेलं तर सकाळी उठून जायचं कुठं?

अशात एका बुधवारी ते जिन्यात चपला घालत होते आणि वर सून नर्सबाईंशी बोलत होती.

"या रविवारी बाबांचा काटा काढायचाच."

"ते सुखासुखी ऐकायचे नाहीत हं."

"म्हणून तर आधी कळू द्यायचं नाही. चौघं लागतील, पण काढायचाच."

काटेवाल्यांची दुसरी चप्पल हातातच राहिली. ज्या माणसाच्या तोंडी जन्मभर काटा म्हणजे तराजू, त्याला नेमका त्या दिवशी दुसराच अर्थ आठवला! काटा काढायचा. माझा. आणि चौघांनी. सख्खी सून हो! चार दिवस त्यांनी तिच्या हातचा चहा ती स्वतः प्यायल्याशिवाय तोंडाला लावला नाही. तिला वाटलं, म्हातारपणी का होईना, दुसऱ्यासाठी थांबायची रीत शिकले हे.

रविवारी दुकानाला दोन कुलुपं लागली, किल्ल्या आतल्या खिशात गेल्या, आणि काटेवाले पहिल्यांदाच पंगतीत येऊन बसले. गल्लीला केवढा आनंद! भात कुणाचा, भाजी कुणाची, रस्सा कुणाचा, याची त्यांनी जाहीर चौकशी केली आणि शेजाऱ्यानं खाल्लं तेवढंच खाल्लं. समोर बेकरीवाला बसला होता. त्याच्या तराजूखाली एकदा त्यांना चिकटवलेलं नाणं सापडलं होतं, तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

बोलण्याची पाळी फिरत फिरत त्यांच्यापर्यंत आली. ते ताडकन उठले.

"पुढचं काय विचारता? माझा काटा काढायचाय ना? हा उभा आहे मी. काढा!"

मग नर्सबाई फिस्सकन हसल्या. "अहो, तोच तर काढायचाय! तुम्हीच दोन कुलुपं ठोकून बसलात!"

"बाबा, तुमचा तो मोठा काटा," सून कपाळावर हात मारून म्हणाली, "जुन्या वखारीचा. दुकानात कोपऱ्यात पडलाय तो. गेल्या महिन्यात तुम्ही ताट घेऊन आत गेलात आणि इथं ठरलं, गल्लीनं मिळून धान्याची पोती आणायची आणि वाटून घ्यायची. पण मापावर कुणाचा कुणावर भरवसा नाही. सगळ्यांना पटेल असं एकच नाव निघालं."

"माझं? मी तर यातल्या एकावरही विश्वास ठेवत नाही."

"म्हणूनच," तीन-चार जण एकदम म्हणाले.

काटेवाल्यांना बरं वाटायला हवं होतं. उलट त्यांना घाम फुटला. दुकान राहिलं, पण आता सगळ्यांदेखत मापायचं! नाही म्हणावं तर कारण सांगावं लागणार. त्यांनी किल्ल्या काढून दिल्या. चौघांनी काटा आणून तीन पायांच्या लोखंडी तिकाटण्याला टांगला, आणलेल्या पोत्यांतलं पहिलं उघडलं. काटेवाल्यांनी वजन उचललं. ते पारड्याच्या कडेवर कडकड वाजलं, पारडी हेलकावायला लागली आणि मधली सुई काही केल्या थांबेना. कुणी हसलं नाही. त्याचाच त्यांना जास्त राग आला.

वजन खाली ठेवून ते म्हणाले, "हात थरथरतो माझा. हिवाळ्यापासून. झालं समाधान? द्या आता दुकान कुणाला द्यायचं त्याला."

सुनेचे डोळे भरून आले. तिला काही बोलायचं होतं, पण त्याआधी बेकरीवाला उठला. बाह्या सरसावून काट्यापाशी आला.

"हात थरथरू दे. नजर तर थरथरत नाही ना? वजनं मी ठेवतो, सुई तुम्ही बघा."

काटेवाल्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"वजनं? आणि तुझ्या हातात?" त्यांनी खुर्ची ओढून काट्याला अगदी नाक लावून बसकण मारली. "मग तर मी मरेपर्यंत इथून उठत नाही. ठेव!"