मखरातला लाडू

तीळ भाजल्याचा वास आला, की निजामाच्या राज्यातलं आमचं नरसीचं अंगण आठवतं. संक्रांतीच्या दिवसांत माझ्या आठ वर्षांच्या बहिणीला न्हाण आलं होतं, पहिली पाळी. गावचे हकीमसाहेब म्हणाले, "एवढ्या लवकर हे बराबर न्हाई. लेकराचं डोकं दुखतं का? नीट दिसतं का?" आत्या चिडली. "शुभ वक्ताला असं काहून बोलता? पपई लई खाती, उष्णता झाली." बायकांनी बहिणीला हळद लावून केळीच्या मखरात बसवलं. आईनं तिळाचा लाडू पुढं धरला. बहिणीनं हात पुढं केला, तो लाडवाच्या बाजूनंच गेला. पुन्हा केला, पुन्हा तसाच. "लाजली गं पोरगी!" म्हणत सगळ्या हसल्या. पुढल्या संक्रांतीआधी बहिणीची नजर गेली, मग तीही गेली. आता नातीला खाऊ देताना मी तिच्या तोंडाकडं नाही, हाताकडं बघते.