दादाच्या आधी एक घास

माणूस गेला की लोक त्याच्या स्वभावाबद्दल बोलतात. आमच्या दादाबद्दल सगळे जेवणाचंच बोलतात. भेटायला येतात, डोळे पुसतात, आणि चहा येईपर्यंत एखादा किस्सा निघालेला असतो. साखरेचा पेशंट, रोज हॉटेलात जेवणार, आणि तेही कलकत्त्यात! किस्से साठणारच. मी आठवीत शाळा सोडली, लिहायची सवय नाही. पण लोक अर्धवट सांगतात आणि मला राग येतो. म्हणून मीच सांगतो.

आधी माणसं. बाबा सरकारी नोकरीत बदली होऊन इथे आले आणि इथेच गेले. दादा खिदिरपूरला, गोदीतून माल सोडवून देणाऱ्या एका एजंटाकडे कामाला होता. मी त्याच एजंटाचा टेम्पो चालवतो. घर लोकलच्या शेवटच्या स्टेशनावर, बजबजला; तिथे दादा, वहिनी आणि मी. दुपारी जेवायला आमच्याबरोबर सबनीस काका असायचे. ते बँकेतून रिटायर होऊन इथेच राहिले. हॉटेल कार्तिकबाबूंचं, वाढणारा निमाई. बस, इतकेच.

*

वहिनी रोज डबा द्यायची. दादा तो मला द्यायचा आणि स्वतः कार्तिकबाबूंकडे मासा-भात खायला जायचा. मला काय, मी खात होतो.

एकदा सकाळच्या घाईत वहिनी भाजी भरायलाच विसरली. मी कोरड्या पोळ्या पाण्याबरोबर गिळल्या आणि गप्प बसलो. संध्याकाळी ती ओशाळून दादाला काही सांगणार, तेवढ्यात दादाच म्हणाला, "आज भाजी काय झाली होती!"

वहिनीला कळायचं ते कळलं. दादाच्या टाचेला तेव्हा एक जखम होती, भरतच नव्हती. साखर उतरली नाही तर पाय जाईल, असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं. सकाळी तिने नियम केला. "बाहेर खायचंय ना? खा. पण आधी भावजी चाखतील. गोड लागलं तर तुम्ही हात लावायचा नाही."

तेव्हापासून दादाच्या प्रत्येक ताटातला पहिला घास माझा.

*

पहिल्याच दिवशी निमाईला विचारलं, डाळीत साखर आहे का? तो म्हणाला, नाही. मी चाखली. सांजा परवडला! मी तसाच उठून आत गेलो. आचारी डाळीत मूठभर साखर टाकत होता, माझ्या डोळ्यांदेखत. मी त्याचा हात धरला, तो ओरडला, गिऱ्हाइकं उठून उभी राहिली.

कार्तिकबाबूंना खरंच वाईट वाटलं. खोटं बोलल्याचा आरोप त्यांना सहन होईना. त्यांचं म्हणणं, ही साखर थोडीच आहे, ही चवीसाठी. बंगाली स्वयंपाकात मिठासारखीच पडते, तिला कोण मोजतं?

दादाने शांतपणे विचारलं, "मग तुम्ही साखर कशाला म्हणता?"

कार्तिकबाबू म्हणाले, "जेवण झाल्यावर देतो, तिला."

पण माणूस मनाचा मोठा. दुसऱ्या दिवसापासून दादासाठी डाळ वेगळ्या पातेलीत शिजायला लागली.

*

माशाच्या रश्शाचं मात्र जमेना. रस्सा सगळ्यांचा एकच. मग दादाने युक्ती काढली. एक वाटी गरम पाणी मागवायचा, माशाचा तुकडा त्यात बुडवून धुवायचा आणि मग खायचा.

कार्तिकबाबू गल्ल्यावरून बघायचे आणि तोंड फिरवायचे. शेवटी एक दिवस टेबलापाशी येऊन उभे राहिले. वडिलांपासून हॉटेल चालवतोय, म्हणाले, पण माझ्या माशाला कोणी अंघोळ घातली नव्हती.

दादा म्हणाला, "जन्मभर पाण्यातच होता. शेवटी दोन मिनिटं मसाल्यात गेला, म्हणून काय झालं?"

सबनीस काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. कार्तिकबाबू मात्र हसले नाहीत. त्यांनी त्या धुतलेल्या, पांढऱ्या पडलेल्या तुकड्याकडे बघितलं आणि निमाईला म्हणाले, यांना दोन तुकडे देत जा.

*

सबनीस काकांच्या वाढदिवसाला त्यांनी आम्हाला सॉल्ट लेकला नेलं. सेक्टर फाइव्हमध्ये, काचेचं हॉटेल. मेनूकार्डावर साखर नसलेल्या पदार्थांपुढे हिरवं पान छापलेलं. दादा खूश! म्हणाला, बघ, आज तुला सुट्टी.

मी तरीही चाखलं. सॅलड होतं, काकडी आणि पाला. गोड.

वेटरला बोलावलं. तो म्हणाला, शुगर नाही सर, हनी आहे. नॅचरल आहे.

मी म्हणालो, "सापसुद्धा नॅचरल असतो."

पुढे माझा आवाज चढला. माझा चढतोच. मॅनेजर आला, दोन माणसं आली, आणि आम्हाला फार अदबीने जिन्यापर्यंत पोचवलं. दादा कठडा धरून एकेक पायरी उतरत होता, तो जखमेचा पाय आधी, मग चांगला. काका बिचारे माफी मागत होते, वाढदिवस त्यांचा आणि माफी त्यांचीच. खाली रस्त्यावर आम्ही तिघांनी मुरमुरे आणि शेंगदाणे खाल्ले.

दादा म्हणाला, "वर काही न खाताच माझी साखर वाढली असेल. तुझ्यामुळे."

*

दुर्गापूजा संपली की इथे मोठ्यांना नमस्कार करायचा आणि गोड खायचं. नाही म्हणणं म्हणजे समोरच्याच्या शुभेच्छा परत करणं. कार्तिकबाबूंनी स्वतःच्या हाताने दादाच्या तळहातावर नारळाचा लाडू ठेवला. दादाने तो कपाळाला लावला, चाखायला माझ्याकडे दिलाच नाही, कागदात गुंडाळून पँटच्या खिशात टाकला. घरी नेऊन वहिनीला देतो म्हणाला. मग कामात विसरला.

संध्याकाळी लोकलने घरी आलो. वहिनीने त्याला पाय धुवायला पाणी दिलं आणि ओरडलीच. खिशापासून पावलापर्यंत लाल मुंग्या. पोटरी, घोटा, पाऊल, सगळं चावून सुजलेलं.

दादा पटकन खिशातला कागद काढून दाखवायला लागला. "बघ, खाल्ला नाही. आख्खा आहे. विचार याला."

वहिनीने लाडवाकडे बघितलंसुद्धा नाही. ती खाली बसून पाय बघत होती.

"अहो, तुम्हाला कळलंच नाही?"

दादा म्हणाला, "नाही गं. त्रास काहीच नाही झाला."

*

पुढे इन्सुलिन सुरू झालं. जेवायच्या आधी टोचायचं आणि लगेच खायचं, नाहीतर साखर एकदम खाली जाते. दादा हॉटेलच्या मोरीत जाऊन पोटाला टोचून यायचा, तोवर निमाई ताट लावायचा, मी चाखायचो. सगळं बसलं होतं.

एका दुपारी जहाज आत घ्यायला गोदीचा पूल उघडला आणि माझा टेम्पो पलीकडे अडकला. काका त्या दिवशी आले नव्हते. दादाने वेळेवर इंजेक्शन घेतलं आणि येऊन बसला. निमाईने ताट आणलं, पण दादाच्या पुढे ठेवेना. नियम म्हणजे नियम! इतके दिवस मीच त्याला दम देऊन ठेवला होता.

दादाला घाम फुटला. हात थरथरायला लागले. त्याने साखर मागितली. निमाईला वाटलं, आज छोटा भाऊ नाही म्हणून हे लबाडी करतायत. त्याने उलट टेबलावरची साखरेची बरणी उचलून आत नेऊन ठेवली.

मी पोचलो तेव्हा दादाची मान टेबलावर पडली होती आणि निमाई शेजारी ताट धरून उभा होता, माझी वाट बघत.

रसगुल्ल्याचं पातेलं समोर होतं. मी त्यात वाटी बुडवली, दादाचं तोंड उघडलं आणि पाक ओतला. अर्धा शर्टावर गेला. आणखी ओतला. कार्तिकबाबू देवाचं नाव घेत होते. निमाई रडत होता.

बऱ्याच वेळाने दादाने डोळे उघडले. जीभ ओठांवरून फिरवली. मला ओळखलं.

"आधी चाखलास का?" म्हणाला.

*

एवढं सगळं करून पायाची बोटं गेली. मग पाय गेला. मग विष रक्तात चढलं आणि दादा गेला. तू खूप केलंस, असं मला कोणी सांगू नका. सांगणाऱ्याला मी घराबाहेर काढलेलं आहे.

तेराव्याला गोडाचं जेवण लागतं, त्यानेच सुतक संपतं. वहिनीच्या अंगात चूल पेटवायचं बळ नव्हतं आणि इथे आमचे नातेवाईक कोण? कार्तिकबाबू म्हणाले, जेवण माझ्याकडून. निमाई पातेली घेऊन लोकलने बजबजला आला आणि वाढायलाही तोच थांबला.

सबनीस काकांनी त्याला समजावलं की पहिलं पान दादाचं. ते भिंतीशी मांडायचं, त्याच्या फोटोपुढे, आणि मग बाकीच्यांनी बसायचं. निमाईने मान हलवली. भात वाढला, डाळ वाढली, वांग्याचे काप ठेवले. मग खिरीची वाटी भरली आणि पानाजवळ नेऊन थांबला. मग वळला आणि वाटी माझ्यापुढे धरली.

काका खाली बघायला लागले. स्वयंपाकघराच्या दारात वहिनी उभी होती. ती म्हणाली, "भावजी, बघा हो. साखर आहे का?"

मी बोट बुडवून चाखलं. घट्ट, गच्च गोड खीर होती, दादाला आवडायची तशी.

"नाही वहिनी," मी म्हणालो. "अजिबात नाही. वाढू दे त्याला."