सोमसूत्रापाशी तीन दिवस

वाचकांच्या अद्भुत अनुभवांचे हे सदर मी नेमाने वाचतो आणि नेमाने असहमत होतो. देव मानणारा मनुष्य भुताखेतांच्या गोष्टीही मानत असणार, असा अनेकांचा समज दिसतो. माझे तसे नाही. चाळीस वर्षे मुलांना संस्कृत शिकवले, पूजा एक दिवस चुकवली नाही; पण कुणी ‘साक्षात्कार झाला’ म्हणाला, की मी आधी ‘जेवलास का?’ असे विचारीत असे. म्हणूनच पुढील वृत्तान्त लिहिताना संकोच वाटतो.

आमचे गाव रत्नागिरीपासून तासाभरावर. वस्ती वर, सड्याच्या कातळमाळालगत. शंकराचे देऊळ खाली, खाडीकाठच्या घळीत. पूजेची पाळी घराघरांतून महिन्याने फिरते. वैशाख आमच्याकडे. त्या महिन्यात पिंडीवर गळती टांगतात — तळाला बारीक छिद्र असलेले तांब्याचे मोठे भांडे. महिनाभर देवावर अखंड धार राहावी, असा संकल्प असतो. भांडे बारा तास पुरते. सकाळ-संध्याकाळ विहिरीचे पाणी काढून भरायचे, दुपारी नैवेद्याची घंटा वाजवायची.

दोन वर्षांपूर्वी पहिल्याच आठवड्यात मला पायऱ्यांवर भोवळ आली. मुलगा मिलिंद चिडला. “अण्णा, यंदा राहू दे. देव काय हजेरी घेतो का?”

“तो घेत नसेल. मी देतो.”

“मग मी बाग सोडून तुमच्या मागे फिरू? आंबा उतरतोय!”

दुसऱ्या दिवशी मी जन्मात केले नव्हते ते केले. यंदाची पाळी सोडली, संगमेश्वरला बहिणीकडे चार दिवस जातो, असे खोटे सांगितले, पिशवीत पोहे-गूळ घेतला आणि देवळातच मुक्कामाला उतरलो. घळीत फोन लागत नाही. ते पथ्यावरच पडले, असे तेव्हा वाटले.

सकाळी गळती भरली, पूजा केली. वानरे शिरतात म्हणून गाभाऱ्याला बाहेरून कडी घातली. शंकराची प्रदक्षिणा अर्धीच असते. अभिषेकाचे पाणी ज्या दगडी पन्हळीतून बाहेर पडते, ते सोमसूत्र. ते ओलांडायचे नाही, तिथून मागे फिरायचे. मी मागे फिरलो आणि शेवाळावरून घसरलो... भिंत आणि दरड यांमधल्या अरुंद सांदीत पडलो. मांडीचे हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. पन्हळ डोक्यापासून हातभर दूर.

हाका मारल्या. खाडीत दूर एक इंजिनाची होडी गेली, एवढेच. वर गाव आंब्यात बुडालेले आणि घरच्यांच्या मते मी संगमेश्वरात!

सूर्यास्ताला धार थांबायला हवी होती. थांबली नाही. उजाडले, तरी पाणी पडतच होते. मी कान देऊन ऐकले. विहिरीचा रहाट किती करकरतो, हे मला ठाऊक आहे. तो वाजला नव्हता. पाऊल नाही, कडी नाही. “कोण भरतो आहे?” मी ओरडलो.

आणि ते पाणी मी पीत नव्हतो! सोमसूत्रातले पाणी शिवनिर्माल्य. आमच्या घरात ते कुणी घेत नाही. जीभ टाळूला चिकटली तरी मी नियम धरून बसलो होतो. दुसऱ्या दिवशी मध्यान्ही ग्लानी येऊ लागली, तेव्हा एक विचार लख्ख उभा राहिला. मी मेलो तर घराला सुतक. सुतकात पूजा बंद. म्हणजे माझ्याच पाळीत धार खंडित!

मी मोठ्याने म्हणालो, “देवा, नियम तुझा, पण पाळी माझी आहे. अमावास्येपर्यंत मी मरणार नाही. दोष लागला तर नंतर बोलू.” आणि ओंजळ धरली.

पुढे रुद्राची आवर्तने सुरू केली. वेदनेने थांबलो की पुन्हा पहिल्यापासून. ती प्रार्थना होती असे म्हणणार नाही. ते भांडणच होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी वरून तोंड डोकावले. खाडीत जाळे टाकणारा दामू.

“काका! ह्ये काय वो? तीन दिस दुपारची घंटा नाय ऐकली, म्हून बगाय आलो.”

“दामू... आधी गळती भर.”

“मरायला टेकलाव नि गळती?” असे पुटपुटत तो गेला. कडी वाजली. मग आवाज आला, “भरलेलीच हाय काका. काठोकाठ.”

पुढे त्याने सांगितले, की विहिरीची दोरी सुकी खडखडीत होती.

इस्पितळात मिलिंदच माझ्यापाशी होता. एके दिवशी तो देवळात गेला, गळती भरून घड्याळ लावून बसला. परत येऊन म्हणाला, “बारा तास, अण्णा. जास्त नाही.”

“मग?”

“मग काय... परत भरली.”

त्या महिन्याची उरलेली पाळी त्यानेच पुरी केली.

गावाला ‘जागृत देवस्थान’ असा फलक लावायचा होता. मी विरोध केला, आजही करतो. छिद्रात कचरा अडकला असेल, कुणी वाटसरू येऊन गेला असेल, मला भ्रम झाला असेल — सारे तपासून पाहिले; एकही कारण पुरे पडत नाही. जे मला कळले नाही, त्याला मी नाव देणार नाही.

यंदाच्या वैशाखात काठी टेकत मीच खाली उतरलो. मिलिंद कळशी घेऊन पुढे. गळती भरून झाल्यावर मी त्याला आणखी एक कळशी भरून पिंडीशेजारी ठेवायला सांगितली.

“ही कुणाला?”

“मला ठाऊक नाही. पण पुन्हा यायची वेळ आलीच, तर त्याला विहिरीपर्यंत जावे लागू नये.”